सातशे चौदा, सातशे सोळा

दस्तगीरभाईंनी भिंतीवर दोन चौकोन मारून ठेवलेत,
वहीच्या पानाएवढे.
डावा सातशे चौदा, उजवा सातशे सोळा.
मधल्या पंधराचं काय झालं विचारलं, तर म्हणाले,
"कंपनीनं बंद केला ताई,
कुणाला फरकच कळंना."

सुकुमार म्हणतो दोन्ही काळेच,
तवा आणि तव्याची सावली.
सन्मती म्हणते एक जांभूळ,
दुसरं जांभूळ खाल्लेली जीभ.
कुठलं कुठलं, ते मात्र तिला सांगता येईना.

मी रात्रपाळीची. मिरजेच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं.
दिवसा झोपते, म्हणजे झोपायला बघते,
आणि दुपारी दोनला पांढऱ्या भिंती
ऑपरेशनचे दिवे लावल्यागत तोंडावर येतात.
म्हणून सांगलीला गणपती पेठेत जाऊन
शेडकार्डाचं शेवटचं पान मागून घेतलं.
दुकानदार म्हणाला, हे पान कुणी उघडत नाही.

अंधारातलं मला कळतं थोडंफार.
तीनचा अंधार वेगळा:
सलाइनच्या बाटल्या तेवढ्या दिसतात,
जिन्यावर नातेवाईक पेपर अंथरून पडलेले,
कुणी हाक मारली तर ती लांबून आल्यासारखी वाटते,
शेजारच्या कॉटवरून आली तरी.
साडेचारचा तितकाच काळा.
खिडकीत अजून काही नाही,
पण खाली चहावाला स्टोव्हला पंप मारतो
आणि कुणाचा तरी ताप उतरायला लागतो.
थर्मामीटरला आधी कळतं, मग मला,
उजेडाला सगळ्यात शेवटी.

चौदा तीनचा. सोळा साडेचारचा.
हे दस्तगीरभाईंना कसं सांगायचं?
म्हटलं, सोळात जरा निळा आहे.
त्यांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली.
"हाय की. थेंबभर."

मग सोळाच, असं ठरलंच होतं.
पण साडेचारला मी एकदाही बसलेली नाही.
टेंपरेचर, बीपी, रक्ताच्या नळ्या, चार्ट;
ती भिंत मला उठवून कामाला लावेल.
डोळा लागला असेल तर तीनलाच,
स्टुलावर, पाच मिनिटं,
हातात कुणाचा तरी हात तसाच.

"चौदा मारा," म्हटलं.
"आणि तो उजवा चौकोन राहू दे, त्याच्यावर नको.
कपाटामागं जाईल."
सुकुमार म्हणाला, म्हणजे भिंतीला ठिगळ?
तुला दिसतंय का?
नाही.
मग झालं तर.