माप नंतर कळवू

दुकान सेंटर स्ट्रीटवर, पाटी अजून 'हेंद्रे अँड सन्स',
सन्सपैकी एक हिंजवडीत, एक टोरांटोत.
कात्री अन्वरच्या हातात, तेवीस वर्षं.

काल रात्री बातम्यांत मासुवा दिसला.
त्याच्या देशाचं नाव निवेदिकेनं
दोनदा दोन तऱ्हांनी घेतलं.
मी नावावरून नाही, खांद्यावरून ओळखला:
डावा अर्धा इंच खाली.
मापांची वही काढली, साल ब्याऐंशी.
'कॅडेट मासुवा, खडकवासला. छाती चौतीस.
डाव्या खांद्याला आतून एक जादा थर.
बाकी रुपये पंचेचाळीस.'

पासिंग आऊटच्या आदल्या संध्याकाळी आला होता,
बस सुटेल म्हणून घाईत.
आरशापुढे ताठ उभा राहिला,
मोडक्या हिंदीत विचारलं, मास्टर, खांदे सारखे दिसतात ना?
दिसतात, म्हटलं.
दिसण्याचेच तर पैसे घेतो आम्ही.

तिकडे म्हातारे राष्ट्राध्यक्ष पंधरा दिवस दवाखान्यात.
घटनेत आहे म्हणे, अध्यक्ष असमर्थ झाले तर उपाध्यक्ष.
उपाध्यक्षाची खुर्ची मार्चपासून रिकामी.
मग सभापती. ते नजरकैदेत.
मग सरन्यायाधीश, त्यांनी सोमवारी शपथ घेतली,
मंगळवारी हवाई दलातल्या कुणीतरी,
बुधवारी मासुवानं,
तीही जराशी डावीकडे झुकून.
आणि दवाखान्यातून म्हाताऱ्याचं पत्रक:
मी असमर्थ नाही, अनुपस्थित आहे.
या दोन शब्दांवर तज्ज्ञ तासभर भांडले.

मी कसब्यातला.
आमच्या गावात हे एका अक्षरावर उरकलं होतं.
त्या तटाशी आता पार्किंगवरून बाचाबाची होते,
'ध' कुणी खोडला
हे विचारायला कुणी थांबत नाही.

अन्वर म्हणाला, शेठ, खांद्यावरच्या पट्ट्या
आपण सुट्या का ठेवतो?
बढतीसाठी. बटण काढलं, एक सरकवली, दुसरी चढवली,
कोट तोच.
म्हणजे उतरवायलाही सोपं, तो म्हणाला.
मी चष्मा पुसत बसलो.

थोरला गेल्या दिवाळीत म्हणाला होता,
बाबा, दुकानाचं काहीतरी लिहून ठेवा.
लिहिलंय. दोनदा.
एका कागदावर अन्वरचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही,
आणि तारीख मी
दोन्हींवर घातलेली नाही.

आज सकाळी दिल्लीहून फोन, वकिलातीतून,
अगदी अदबशीर:
समारंभाचा पूर्ण गणवेश, सोनेरी कशिदा,
कॉलरवर पाच तारे, शुक्रवारच्या आत.
नाव?
नाव नंतर कळवू.
माप?
तेही नंतर. कापड तेवढं कापायला घ्या.

वही उघडीच होती. छाती चौतीस.
आता बेचाळीस तरी असेल, मेडल्स धरून.
टेबलावर पांढरं कापड पसरलेलं,
अन्वर कानामागचा खडू काढून वाकलेला.
मी म्हटलं, थांब.
फोनमध्ये म्हटलं, माणूस समोर उभा राहिल्याशिवाय
आम्ही कात्री लावत नाही,
शिवाय मागचे पंचेचाळीस येणे आहेत.

पलीकडे कुजबुज.
मग दुसराच आवाज, जरा चढा:
तिथला मालक कोण आहे? त्याला द्या.

अन्वरनं माझ्याकडे पाहिलं.
मी पाटीकडे.
एक वाजत आला होता,
मी शटर अर्धं खाली ओढलं.