साडेसात मिलिलिटर

चोडणच्या पुनो गावड्याची नळी
बांबोळीला माझ्या टेबलावर येते तेव्हा
अजून कोमट असते.

साडेसात मिलिलिटर. तांबड्या पेशी अब्जांनी,
आणि मला हव्यात त्या बोटांवर मोजण्याइतक्या,
ज्या गाठ सोडून निघाल्यात.
लोखंडाचे बारीक कण चिकटवते त्यांना, चुंबक लावते,
दिवा घालवून बघते:
निळं केंद्रक, हिरवी कड, लाल अजिबात नको.
लाल असेल तर ती घरचीच, पांढरी, पहाऱ्यावरची.

पुनो बाहेर बाकावर.
पंचेचाळीस वर्षं मानस सांभाळली त्याने.
भरतीला दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात,
माणूस लागतो तो दारांवर भरवसा नसतो म्हणून.

त्याने विचारलं, ह्या जातात कुठे?
मी म्हटलं, बहुतेक मरतात. धारेतच,
काही तासही टिकत नाहीत.
एखादी टिकते. हाडात जाऊन बसते,
वर्षानुवर्षं गप्प.

"कुर्ली," तो म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही. मग:
बांध लाटेनं फुटत नाही, बाय.
कुर्ली भोक पाडते, बोटाएवढं.
दिवसा दिसत नाही. अमावास्येच्या उधाणाआधी
पालथं पडून चिखलाला कान लावायचा,
बुडबुडा ऐकू आला की तिथं
चिकण माती नि पेंढा, टाचेनं दाबायचा.
एक जरी राहिलं तर कोरगूटसुद्धा करपतं.
एक वर्ष नव्हे. तीन वर्षं.

मी त्याला सांगितलं नाही
की रक्ताला बांध नसतो,
ना आतलं शेत, ना बाहेरची नदी,
सगळं एकच पाणी,
मिनिटभरात फेरी पुरी करणारं.

आकडा अकरा आला.
पाचाच्या वर गेला की डॉक्टर केंकरे
पेन खाली ठेवतात.
मी दोनदा मोजून लिहिला. तिसऱ्यांदाही मोजला,
कमी होतो का बघायला.

परवा रायबंदरच्या फेरीतून तो कुर्ल्या घेऊन आला,
ओल्या पोत्यात, नांग्या पेंढ्याने बांधलेल्या.
"आठ आसात. हुमण कर."

घरी मोरीत ओतल्या. सात.

टॉर्च घेऊन मी फ्रिजखाली, सिलिंडरमागे,
पायपुसण्याच्या घडीत.
नवरा म्हणाला, मरेल ती पाण्याबाहेर, झोप आता.
बहुतेक मरतात, मी म्हटलं,
आणि फरशीला कान लावला.