शेऱ्याच्या रकान्यात

वेलिंगबरोच्या बाहेर बायपासचं काम चाललं होतं,
अठ्ठ्याहत्तरचा नोव्हेंबर, चिखल गुडघ्याला,
आणि माझ्या नकाशातली गटाराची रेघ
सरळ जात होती एका झाडातून.

झाड तरी कसलं. आपल्या बोरीएवढं,
एका अंगाला कललेलं, काट्यांत बारकी लाल फळं,
शेताच्या मधोमध एकटं.
आजवरच्या प्रत्येक नांगराने
त्याला वळसा घातलेला दिसत होता.

मॅनस गिल्डेने यंत्र बंद केलं.
खाली उतरला, टोपी काढली,
म्हणाला, हे माझ्या हातून व्हायचं नाही.
ट्रेव्हर मुकादम आईवरून बोलला, पगार कापतो म्हणाला.
काप, मॅनस म्हणाला,
पगार परत उगवतो.

डब्याच्या सुट्टीत मी विचारलं, का हो?
त्याने आधी मागे वळून पाहिलं.
"ती मंडळी," एवढंच. नाव घेतलं नाही,
जसं आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत,
लांबडं म्हणतात.
आणि मला त्याचं इंग्रजी एकदम कळायला लागलं.

डोनेगलला, त्याच्या लहानपणी,
गाय व्याली की चिकाची पहिली धार जमिनीवर,
मंडळींचा वाटा म्हणून.
रात्री भांड्यांचं पाणी दारातून फेकताना ओरडायचं:
जपा रे, पाणी येतंय!
न जाणो, कोणी वाटेने जात असेल.
त्याची बहीण ब्रीजीन, सात वर्षांची,
मे महिन्यात असल्याच झाडाची
फुललेली फांदी मोडून घरात घेऊन आली.
संध्याकाळी ओढ्यावर गेली. परत आली.
"आली म्हणजे," मॅनस चहात बघत म्हणाला,
"तिच्या मापाचं काहीतरी आलं.
खायचं पोटभर, वाढायचं नाही.
आई वेणी घालायला बसली की
केस ओले लागायचे, भर उन्हातसुद्धा."
पुढचं त्याने सांगितलं नाही.
आम्ही म्हणतो, बाहेरचं लागलं.
कुठल्या बाहेरचं, ते कोणी विचारत नाही.
मीही विचारलं नाही.

मी इंजिनिअर. हसलो नाही, एवढंच.

चारलाच अंधार पडला.
डंपी लेव्हल राहिली होती म्हणून एकटा परत गेलो.
धुकं असं, की बॅटरीचा उजेड
बॅटरीपुरताच.
तिपाईचे पाय मिटत होतो,
तेवढ्यात झाडाकडून कोणीतरी
माझं पाळण्यातलं नाव घेतलं,
जे तिघांनाच ठाऊक होतं, त्यातले दोघे गेले.
इथेही ते लिहीत नाही.
आवाज ना बाईचा ना पुरुषाचा,
पान वाढलंय म्हणून बोलवावं तसा साधा.

पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही
हे मला कोणी शिकवलं, आठवत नाही.
जिभेला आठवत होतं. ती टाळूला चिकटून बसली.
दुसरी हाक आली नाही.
तिपाई तिथेच राहिली.

सकाळी रेघ पुसली.
साडेतीन मीटर डावीकडे.
गटार वळलं, गटारापाठोपाठ रस्ता.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: माती भुसभुशीत.
ट्रेव्हरने न वाचता सही केली.

मॅनसने माझी तिपाई पुसून आणून दिली.
"किती वेळा?"
"एकदाच."
"बरं," म्हणाला,
आणि थर्मासमधला उरलेला चहा
बुंध्याशी ओतला, साखरेसकट.

रस्ता अजून वळतो तिथे.
कौन्सिलने पाटी लावली आहे, सावकाश.
गाडी आता लेक चालवते, दर वेळी म्हणते,
बाबा, कुठल्या गाढवाने काढला हा नकाशा?
मी काच वर करून घेतो.
अजून दोन हाका शिल्लक आहेत.