वास सांग

होशंगनं बाटली मफलरीत गुंडाळून आणली,
कॅम्पातून बिबवेवाडीपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन.
"पंचवीस वरसची आहे. जरा अदबीनं."
आमच्या स्टीलच्या पेल्यांकडे त्यानं एकदा पाहिलं
आणि कोटाच्या खिशांतून स्वतःचे तीन ग्लास काढले,
पोटाशी फुगलेले, तोंडाशी आवळलेले.
शिवाय शाईचा ड्रॉपर, पाण्यासाठी.

पंचवीस. मी मनात वजाबाकी केली.
हे पिंपात भरलं तेव्हा या फ्लॅटच्या बाथरूमला दार नव्हतं,
चादर टांगलेली होती,
आणि अच्युत भोसरीच्या फाउंड्रीत रात्रपाळीला.

होशंग सांगत होता, बंद गोदामात, लाकडातून
दर वर्षी थोडं थोडं उडून जातं.
तिकडचे लोक म्हणतात, तो देवदूतांचा वाटा.
"म्हणजे चित्राहुती," अच्युत म्हणाला,
आणि बोट बुडवून ग्लासाच्या उजव्या हाताला
चार थेंब ओळीनं ठेवले.
होशंगचा जीव तिळतिळ तुटला.

मग अच्युत माझ्याकडे वळला.
"वास सांग."

तीन वर्षं झाली त्या तापाला.
ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही.
दूध करपतं, हा शेजारी बसून शब्दकोडं सोडवतो.
एकदा गॅस उघडा राहिला होता.
तेव्हापासून या घरात एकच नाक आहे
आणि ते दोघांना पुरवावं लागतं.

ग्लास जवळ नेला. पहिला वास ओळखीचाच निघाला,
ससूनच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली मी.
"आयोडीन. टिंक्चर. नुकतीच सोडलेली बँडेजपट्टी."
"यासाठी एवढे पैसे?"
"थांब की जरा."

होशंगनं ड्रॉपरनं पाणी सोडलं. एकच थेंब.
"धूर," मी म्हणाले. "पण लाकडाचा नाही.
पहाटेचा, ओला, बंबाच्या नळीतला."
तिकडे मातीच जाळतात, होशंग म्हणाला,
दलदलीतली, विटांसारखी कापून, वाळवून.
"मातीच? मग अगटी. हुरड्याची.
सासवडला, तुझ्या आत्याच्या शेतात,
गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली कणसं,
चोळलेला पहिला हुरडा, भुसकट, फुंकर."
अच्युतनं तळवा पुढे केला होता.
त्याला कळलंही नसावं.

"अजून?"
"डांबर. उन्हात तापलेली ताडपत्री.
लोणच्याची बरणी, लोणचं संपल्यानंतरची.
तळाशी काकवी, किंचित लागलेली."

मग एक वास आला तो मी लगेच सांगितला नाही.
जळकी वाळू, तेल, लोखंड, घाम.
दाराआडच्या खिळ्यावरचा निळा शर्ट.
सोड्यात भिजवायचे, उलटा करून उन्हात टाकायचे,
धुता धुता चिडायचे, तरी जात नसे.

सांगितलं.
"माझ्या शर्टाला वास यायचा?"
"यायचा म्हणजे!"
तो हसला. बराच वेळ हसला.
"तो मला तेव्हाही येत नव्हता," म्हणाला.
"म्हणजे तो काही माझा गेलेला नाही."

मग प्यायला. जिभेवर धरून,
होशंगनं बजावल्याप्रमाणे दहापर्यंत मोजून.
आम्ही दोघं निकालाला आल्यासारखे बघत बसलो.
"गरम. मग गोड. मग कडू.
बाकी तुम्ही म्हणता ते असेलच."

जाताना होशंग सांगून गेला, ग्लास रातभर धुवू नका.

सकाळी द्वारकाबाई सिंकपाशी थबकल्या.
"कुणाला लागलं का वहिनी? दवाखान्याचा वास मारतोय.
आन् कायतरी जळलंय."
अच्युत पेपर टाकून स्वयंपाकघरात आला,
स्टूल ओढून बसला.
"कसं जळलंय?" त्यानं विचारलं.
"सावकाश सांगा. घाई नाही."