निरीक्षण विहीर क्रमांक एकोणीस

यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी,
जिथे डोंगराने आपले सगळे गोटे खाली टाकून दिले
आणि नकाशावर आम्ही ज्याला बझाडा म्हणतो,
तिथे मे महिन्याच्या चौदा तारखेला
तापीराम भिरूड टेपला खडू फासतोय.
शाळेतला साधा पांढरा खडू.
ओला झाला की करडा पडतो,
खात्याला तेवढा पुरावा पुरतो.

टेप जाते. जाते. जातच राहते.
आत कुठेतरी पारवे फडफडतात,
एकेचाळीस मीटरला शिशाचं वजन
दगडावर टक्क करतं.
वर ओढून बघतो, खडू पांढराच.
मी रकान्यात लिहिते, कोरडी.
वरच्या ओळीत मागच्या मे महिन्यातलं माझंच अक्षर, कोरडी.
त्याच्या वर कुणाचं तरी तिरकं अक्षर,
अडतीस पूर्णांक चार.

निंबाखाली डबा सोडतो. कळण्याची भाकरी, ठेचा.
रात्री फोनवर उतरवून ठेवलेलं चित्र मी पुढे करते:
सहा चाकांची गाडी, तिच्यापुढे तिचीच सावली
आणि जमिनीत रुतलेले गोटे, कोपरे झिजलेले.
मंगळावरचं आहे, काका.
तो फोन लांब धरतो, जवळ आणतो,
अंगठ्याने धूळ पुसून पाहतो.
थोडी जाते. बाकीची तिथलीच.
"हे तं आपली मोर नदी व, बाई.
फरशीपुलाच्या खालची."

मी शिकलेलं सांगते.
वाऱ्याने घासलेल्या दगडाला धार येते,
पाण्याने घासलेला गोल होतो;
आणि एवढा गोटा उचलणं वाऱ्याच्या बसचं नाही.
म्हणजे पाणी होतं. घोट्याएवढं तरी, कदाचित कमरेएवढं,
तीनशे कोटी वर्षांमागे कधीतरी वाहिलं
आणि कोणी पाहिलं नाही.
"कोनीच नही?"
कोणीच नाही.
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून
तो गप्प बसून राहतो,
मौतीला उशिरा पोचलेला माणूस
ओसरीवर बसतो तसा.

मग व्यवहाराचं विचारतो.
गाडीत डिझेल कोण भरतं? चाक फाटलं तं?
फाटलंय, मी म्हणते, तरी चालते.
रोजचं किती?
कधी शंभर मीटर, कधी काहीच नाही.
एकाच दगडापाशी आठ-आठ दिवस थांबते,
भोक पाडते, पीठ काढते, पोटात टाकते
आणि चव कळवते.

हे मात्र त्याला एकदम पटतं.
खात्यात लागण्याआधी तोही
वाळूतले खडे जिभेला लावून विहिरीची जागा सांगायचा.
साहेबांनी ते बंद करायला लावलं,
अशास्त्रीय म्हणाले.
"आन् तिले चालतं?"
यावर मला उत्तर सुचत नाही. मी ठेचा पुढे करते.

उठताना तो पिशवीतून एक काळा दगड काढतो,
सावद्याकडच्या खाणीतला.
मधोमध पोकळी, पोकळीत पांढऱ्या सुया,
हात लावला तर मोडतील इतक्या बारीक.
लाव्हा थंड झाल्यावर पाणी आत शिरलं,
किती काळ बसून राहिलं, या सुया विणून निघून गेलं.
हे मला पुस्तकातून माहीत,
त्याला कशातून, ते विचारायचं राहून गेलं.
"तिले असं काही सापडलं का?"
पांढऱ्या शिरा सापडल्यात, भेगांमधून.
"मंग बरोबर वाटेवर हाये ती."

वीस नंबरची विहीर अजून सात किलोमीटर.
जीप उन्हात तापून बसलीय.
निघायच्या आधी तापीराम
आपल्या प्यायच्या पाण्याच्या कॅनमधून
झाकणभर पाणी काढतो,
टेपचं टोक त्यात बुडवतो, उचलतो,
डोळ्यांपुढे धरतो.
खडू करडा.

"खडू चांगला हाये," तो म्हणतो, "लिही ठेव."
फॉर्मवर त्याच्यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिते.