आडकाठी

स्क्रूड्रायव्हर टोचला, तर मुठीपर्यंत आत गेला.
वरून पांढरा रंग शाबूत,
आत भिजल्या पावासारखं लाकूड.
सात वर्षं ह्याच डाव्या आडकाठीखाली झोपलो आम्ही.

आरोसाच्या खाडीत नोव्हेंबरची भुरभुर,
शिंपल्यांच्या तराफ्यांपलीकडे किनारा दिसेना.
जेवायच्या टेबलाचा सुतारठिय्या झाला:
भुसा रश्शात, भुसा अंथरुणात,
ब्राइसच्या भुवयांत.
कुजकं कापलं, तिरकं, एकास आठ.
स्प्रूसचा नवा तुकडा एलादियोकडून;
पैसे नकोत म्हणाला,
मग मोजून घेतले.

सरस थंडीत धरत नाही.
म्हणून रात्री काठी रजईत घेतली,
गरम पाण्याच्या पिशवीसकट,
दोघांच्या मधोमध.
सोमवारीच तो म्हणाला होता,
गावात दोन खोल्या मिळतायत, कोरड्या,
आणि तू दर वेळी आडकाठी घालतेस.
अंधारात मी लाकडावर हात ठेवला.
पलीकडून त्याचा आधीच तिथे होता.
सरस सुकला का बघतोय, म्हणाला.

आज मी वर, दोरखुर्चीत. खाली दोर धरून ब्राइस.
तार आडकाठीच्या टोकावरून खाली उतरते;
डोलकाठीपासून हातभर लांब राहिली
तरच तिला उभं धरते.
अंगालगत ओढली, तर पहिल्या वादळात
दोघीही पाण्यात.

हे त्याला वरून सांगावंसं वाटलं.
वारा होता.
"तेराचा पाना!" एवढंच ओरडले.

त्यानं बादलीतून चौदाचा पाठवला,
आणि सोबत, रुमालात गुंडाळून,
अर्धं संत्रं.