जोर कुठे

एवारिस्तो चाळीस वर्षं फोलिन्योच्या छापखान्यात
खिळे जुळवायचा.
ओळ संपली नि शब्द उरला, तर तो कुठे तोडायचा
हे त्याची बोटंच सांगायची:
आ-स्पेत्-तो. मी वाट पाहतो.
‘‘'स'ला मागे ठेवायचं नाही, ओरिस्या,
तो पुढच्या अक्षराचा सोबती.
जुळे 'त' मात्र खुशाल वेगळे कर,
एक या ओळीत, एक त्या.’’

मी त्याला अंघोळ घालायला आले होते,
भाषा शिकायला नाही.
पण सूप ढवळताना आबितानो म्हणाले,
'ते राहतात', आणि जोर दिला 'ता'वर,
की खुर्चीतून काठी फरशीवर: ठक्!
आ! पहिल्यावर! आ!
तेलेफोनानोला तर शेवटून चौथ्या पायरीवर पाय आपटायचा.
ते फोन करतात.
त्याचा मुलगा उबाल्दो करत नसे.
ते क्रियापद आम्ही अनेकवचनातच ठेवलं.

पार्लो, मी बोलतो.
तेच शेपटाशी आपटलं, की तो बोलला.
अक्षरं तीच, आणि माणूस बदलला, काळही गेला.
मी म्हटलं, आमच्या युक्रेनीत
किल्ला आणि कुलूप एकाच अक्षरांचे,
जोर सरकला की दार बंद.
तो इतका हसला
की कवळी काढून वाटीत ठेवावी लागली.

फेब्रुवारीत झटका आला.
आता एक बाई येऊन शब्द तोडून देतात.
पा. ने. पाव.
का. सा. घर.
तो जुळवतो, पण सगळी अक्षरं एका उंचीची,
छापायला उत्तम.
काठी कोपऱ्यात. ठक् आता मी करते,
चमच्याने, ताटाच्या कडेवर.

रविवारी उबाल्दोचा फोन आला. अकरा महिन्यांनी.
मी त्याच्या कानाशी धरला.
बराच वेळ जुळवाजुळव चालली होती ओठांत, मग
पेर्. दो. नो.

पहिल्यावर जोर असता तर: ते गमावतात.
मधल्यावर असता तर: मी क्षमा करतो.
किंवा नुसतीच क्षमा,
कोणी कोणाला, ते मोकळं.
जोर कुठेच नव्हता.

‘‘काय म्हणतायत बाबा?’’
चमचा माझ्या हातात होता.
एवारिस्तो माझ्याकडे बघत होता, की चमच्याकडे.

आस्पेत्ती, मी म्हटलं. थांबा जरा.
आणि 'स' पुढच्या अक्षराच्या हाती दिला.